मदत हवी आहे: जिओकॅशिंगची फाइल ताजी करताना आपल्या नोंदी कशा टिकवायच्या?

किनारपट्टी:

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत आमचा जिओकॅशिंग करणाऱ्यांचा छोटा गट आहे. गुहागरपासून देवगडपर्यंतचा पट्टा सुट्टीच्या दिवशी पायाखाली घालतो. लपवलेले डबे (कॅशेस) जीपीएसने शोधणं मजेत चाललंय, पण माहिती सांभाळणं पार विस्कटलंय. जाणकारांनी वाट दाखवावी.

माझं जिओकॅशिंग डॉट कॉमवर प्रीमियम खातं आहे. पॉकेट क्वेरी (हव्या त्या भागातल्या कॅशेसची यादी मागवायची सोय) लावून जीपीएक्स फाइल (जीपीएस बिंदूंची) उतरवतो. एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० कॅशेस येतात, आपल्या किनाऱ्याला तेवढं पुरून उरतं, त्यामुळे तिथे अडचण नाही. माझ्या विंडोज लॅपटॉपवर जीसॅक हे कॅशेसची माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे. गटातल्या दोघांच्या अँड्रॉइड फोनवर सी-जिओ हे जिओकॅशिंगचं अ‍ॅप आहे, त्यांची खाती साधी. आणि एक काका जुनं पिवळं गार्मिन ईट्रेक्स हे जीपीएस यंत्र वापरतात. सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) भर उन्हात त्याचाच पडदा सगळ्यांत चांगला दिसतो आणि तिथे मोबाइलला रेंज नसतेच, म्हणून ते यंत्र आम्हाला हवंच आहे.

खरी अडचण आमच्या स्वतःच्या नोंदींची आहे. कॅशच्या पानावर जागा, काठिण्य, जमिनीचा अवघडपणा, इशारा (शोधायला मदत करणारी हिंट) एवढं असतं. पण कोकणात तेवढ्यावर निघून चालत नाही. अमुक डबा खडपात (किनाऱ्यावरच्या खडकांत) आहे, पाणी उतरल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. तमुक ठिकाणी जायला पाखाडी (पायऱ्यांची वाट) आहे, पण ती एका घराच्या आवारातून जाते, आधी हाक मारून विचारावं लागतं. एका जागी पावसाळ्यात पऱ्या (ओढा) इतका फुगतो की वाट बंदच होते. एका मिस्टरी कॅशचं (जिची खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते) कोडं सुटलंय, पण खरे अक्षांश-रेखांश फक्त एकाच्या वहीत आहेत. आतापर्यंत ही सगळी माहिती जीपीएक्सवरून बनवलेल्या एक्सेलमध्ये लिहीत आलो. नवी फाइल उतरवली की नवी एक्सेल तयार होते आणि नोंदी जुन्यातच राहतात. दर वेळी कोरी पाटी.

माझे प्रश्न:

१. साइटवरची माहिती ताजी होत राहावी आणि आमच्या नोंदी मात्र जशाच्या तशा राहाव्यात, हे जीसॅकमध्ये कसं जमवायचं?

२. कायमच्या बंद झालेल्या कॅशेस आमच्या यादीत जिवंतच दिसत राहतात. मागच्या महिन्यात दोघे जण अशाच एका डब्यासाठी तंगडतोड करून आले. त्या ओळखायच्या कशा?

३. अक्षांश-रेखांश कुणी दशांश अंशात पाठवतो, कुणी अंश-मिनिटांत. मेळ बसत नाही.

४. भरती-ओहोटीची नोंद कोणत्या स्वरूपात ठेवावी? वेळ लिहिली तर ती दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी होते.

थोडं लांबलं, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं वाटलं.

प्रश्नचिन्ह:

विषय पहिल्यांदाच वाचतोय. जिओकॅशिंग म्हणजे नक्की काय? कुणी थोडक्यात सांगेल का?

किनारपट्टी:

@प्रश्नचिन्ह, कुणीतरी एखाद्या जागी छोटा डबा लपवतो, त्यात नोंदवही ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने तो शोधायचा, वहीत सही करायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये पहिला डबा ठेवला. या खेळामुळे मला माझ्याच जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या आणि सडे कळले. एकदा येऊन बघा.

कातळसडा:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जीसॅकमध्येच आहे. मधलं एक्सेल काढूनच टाका.

जीसॅक प्रत्येक कॅश तिच्या जीसी कोडवरून (साइटने तिला दिलेल्या ओळखीवरून) ओळखतं. नवी जीपीएक्स लोड केली की वर्णन, स्थिती, नवे लॉग (शोधायला गेलेल्यांच्या नोंदी) एवढं बदलतं. तुम्ही लिहिलेली युजर नोट आणि युजर डेटाचे चार रकाने यांना ते हात लावत नाही. फक्त लोड करताना आधीचा डेटाबेस रिकामा करायचा पर्याय असतो, तो कधीही निवडू नका. एकच डेटाबेस ठेवा आणि त्याच्यावरच फाइली चढवत राहा. पॉकेट क्वेरीत प्रत्येक कॅशचे शेवटचे पाचच लॉग येतात, पण अशा डेटाबेसमध्ये ते साठत जातात. आपल्याकडे एखाद्या डब्यावर वर्ष-वर्ष कुणी फिरकत नाही, त्यामुळे जुने लॉग सोन्यासारखे.

सुटलेल्या कोड्यांसाठी ‘करेक्टेड कोऑर्डिनेट्स’ची सोय वापरा. मूळ जागा आणि खरी जागा दोन्ही जपल्या जातात आणि फाइल बाहेर काढताना खरी जागा जाते. टिपणात आकडे लिहून ठेवले तर नकाशावर बिंदू जुन्याच जागी दिसत राहतो.

बंद कॅशेसचं कारण असं की पॉकेट क्वेरीत कायमच्या बंद झालेल्या कॅशेस येतच नाहीत. ‘ही बंद झाली’ असा निरोप तुमच्या डेटाबेसला कधी मिळतच नाही, आणि जुनी नोंद तशीच पडून राहते. म्हणून त्याच पट्ट्याची पूर्ण क्वेरी लोड झाली की ‘लास्ट जीपीएक्स अपडेट’ची तारीख आजची नसलेल्या कॅशेस फिल्टर करा. ज्या उरतील त्यांचं पान साइटवर उघडून बघा. हा फिल्टर नाव देऊन जतन करून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी एका क्लिकचं काम. अशा नोंदी पुसू मात्र नका. बंद म्हणून खूण करा. वाटेची आणि परवानगीची माहिती पुढे तिथेच कुणी नवा डबा ठेवला तर उपयोगी पडते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पॉकेट क्वेरीची फाइल गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. साइटच्या अटींप्रमाणे ती तुमच्या वापरापुरती आहे. वाटायच्या त्या तुमच्या नोंदी. जीसी कोड आणि तुमचे रकाने एवढंच सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) काढा आणि द्या, कॅशचं पान ज्याने त्याने आपापल्या खात्यातून बघावं. कोड दोन्हीकडे तोच असल्याने मेळ आपोआप बसतो.

विदागार:

वरच्या सल्ल्यात थोडी भर.

जीसॅकचा डेटाबेस ही एसक्यूलाइटची फाइल असते. ती ड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवून दोन लॅपटॉपवरून उघडू नका, फाइल बिघडते. लिहिणारा एकच ठेवा, म्हणजे तुम्ही. बाकीच्यांनी नोंद तुमच्याकडे पाठवायची. जीसॅकमध्येच बॅकअपची सोय आहे, ती झिप पेन ड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर खुशाल ठेवा.

सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याची शक्यता असते. ‘डेटा’मधून मजकूर फाइल आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. लिबरऑफिस कॅल्क तर उघडतानाच कोणती लिपी-पद्धत ते विचारतं, म्हणून मी तेच वापरतो. काकांच्या यंत्रासाठी मात्र टिपणं रोमनमध्येच हवीत. जुन्या पिवळ्या ईट्रेक्समध्ये ५०० वेपॉइंट (साठवलेले बिंदू) मावतात आणि नाव सहाच अक्षरांचं. कोडातला सुरुवातीचा ‘जीसी’ गाळला की बसतं. फाइल बाहेर काढताना नाव कसं बनवायचं हे जीसॅकच्या खास टॅगनी ठरवता येतं.

आणि तुम्ही स्वतः डबा ठेवणार असाल तर: साइटवरचा इशारा आरओटी-१३ पद्धतीने (प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून) झाकला जातो, आणि ती फक्त रोमन अक्षरं फिरवते. देवनागरीत लिहिलेला इशारा उघडाच दिसतो.

अक्षांश-रेखांशांचा घोळ हलक्यात घेऊ नका. रत्नागिरीजवळचा एक बिंदू घ्या, उत्तर १६ अंश ५९.४ मिनिटं, पूर्व ७३ अंश १८ मिनिटं. हे दशांश अंशात १६.९९ आणि ७३.३० होतं, कारण मिनिटांना ६० ने भागायचं. कुणी न भागता १६.५९४ आणि ७३.१८ असं भरलं तर बिंदू ४० किलोमीटरपेक्षा जास्त दक्षिणेला, विजयदुर्गासमोर भर समुद्रात जाऊन पडतो. हा निदान नकाशावर लगेच दिसतो. मिनिटांचा अपूर्णांक आणि सेकंद यांची गल्लत झाली की चूक काहीशे मीटरची होते आणि माणूस भलत्याच गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) तासभर शोधत बसतो. गटात एकच नियम करा: अंश आणि दशांश मिनिटं, मिनिटांना तीन दशांश स्थळं. साइट तेच वापरते, आणि शेवटचं स्थळ म्हणजे जमिनीवर साधारण दोन मीटर. रूपांतर डोक्यात करू नका, जीसॅक किंवा सी-जिओला करू द्या.

खाडीपलीकडची:

भरतीच्या रकान्यात घड्याळाची वेळ लिहूच नका. जागेचा स्वभाव लिहा. मी तीन गोष्टी लिहिते: पूर्ण ओहोटीच्या किती आधी वाट मोकळी होते, किती नंतर परत फिरायलाच हवं, आणि भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) ती वाट उघडी पडते की नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. काही खडपं फक्त उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या) ओहोटीलाच उघडी पडतात, अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी असूनही गुडघाभर पाणी असतं.

वेळ निघायच्या दिवशी काढायची. आपल्याकडचा जुना हिशेब आहेच, तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती आणि सव्वापाचच्या सुमारास ओहोटी. बेत ठरवायला हे पुरतं. पण खडपात उतरायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरूनच वेळ घ्या, आणि पाण्याची जाण असलेल्या गावातल्या माणसाला विचारा. नोंदीत तो माणूस कोण ते नको, ‘बंदरावर विचारणे’ एवढं पुरे. लोकांची नावं आणि फोन नंबर सीएसव्हीतून फिरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक. सड्यावरच्या मल्टी-कॅशमध्ये (टप्प्याटप्प्याने शोधायच्या कॅशमध्ये) ‘इथून अमुक अंशांवर इतके मीटर’ असा टप्पा असेल तर होकायंत्रावर विसंबू नका. देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ सुई भरकटते हे प्रसिद्धच आहे, आणि फोनमधलं होकायंत्रही चुंबकीयच असतं. पुढचा बिंदू घरीच सी-जिओमध्ये प्रोजेक्शन (दिशा आणि अंतरावरून बिंदू काढणं) करून काढा आणि वेपॉइंट म्हणून साठवा. कातळशिल्पांवर किंवा त्यांना लागून डबा मात्र कुणी ठेवू नये. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि बरीचशी अजून उघड्या सड्यावर, कुंपणाशिवाय आहेत.

किनारपट्टी:

तिघांचेही मनापासून आभार. आज बसून रकाने ठरवले. पहिल्यात ओहोटीचा स्वभाव, दुसऱ्यात पावसाळा (चालू, बंद किंवा जपून), तिसऱ्यात वाट आणि परवानगी, चौथा मोकळा. वहीतलं सुटलेलं कोडं करेक्टेड कोऑर्डिनेट्समध्ये घातलं आणि बिंदू लगेच खऱ्या जागी आला. जुन्या तारखांचा फिल्टर लावल्यावर बऱ्याच कॅशेस बाजूला निघाल्या, त्यांची पानं एकेक करून बघतोय.

@खाडीपलीकडची, भांगाचा मुद्दा आम्हाला सुचलाच नसता. गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवला.

एक शेवटचा प्रश्न. जैतापूरच्या बाजूला जायचं असलं तर वाटेवरच्याच कॅशेस काकांच्या यंत्रात भरायच्या आहेत, सगळ्या नकोत. त्यासाठी जीसॅकच लागेल का? माझा लॅपटॉप दर वेळी हाताशी नसतो.

विदागार:

नाही, त्याला जीपीएसबेबल हे जीपीएस फाइली हाताळणारं सॉफ्टवेअर पुरेल. फुकट आहे, लिनक्स आणि मॅकवरही चालतं. तुम्ही तुमच्या जीसॅकमधून काढलेली फाइल त्याला द्या, जायच्या रस्त्याचा ट्रॅक वेगळा द्या आणि ‘आर्क’ फिल्टरमध्ये अंतर सांगा. रस्त्यापासून तेवढ्या अंतरातले बिंदूच उरतात. एखाद्या गावाभोवतीचेच हवे असतील तर ‘रेडियस’ फिल्टर. अंतरापुढे किलोमीटरचा ‘के’ लावायला विसरू नका, नाहीतर ते मैल धरतं.