दोन केबल जोडल्या म्हणून कॉपी दुप्पट वेगाने होत नाही

सांवेर रोडकर:
काल नवलखावासी यांनी येथे लिहिले, की सर्व्हरला गिगाबिटचे (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे) दोन नेटवर्क पोर्ट असतील तर ते बाँड करावेत, म्हणजे दोन्ही मिळून एकच जोडणी करावी. फाइल दुप्पट वेगाने जाते आणि स्विचला (सगळ्या केबली जेथे जुळतात त्या यंत्राला) हातही लावावा लागत नाही. एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि ते वाचून आणखी दहा जण आपापल्या मालकांना हेच आश्वासन देणार, म्हणून सविस्तर लिहितो.

लिनक्सच्या बाँडिंगमधील मोड ४ मध्ये (म्हणजे एलएसीपी, यात स्विचशी बोलून गट बनतो) कोणते पॅकेट कोणत्या पोर्टाने जायचे हे हॅशवरून, म्हणजे पत्त्यांवरून काढलेल्या आकड्यावरून, ठरते. एका टीसीपी कनेक्शनचा (दोन संगणकांमधील एका संभाषणाचा) हॅश एकच, म्हणून त्याची केबलही एकच, मग शेजारची कितीही रिकामी पडलेली असो. त्यामागचे ८०२.३एडी हे मानक २००० साली आले तेव्हापासून हे असेच आहे, कारण एका संभाषणातील पॅकेटांचा क्रम बिघडता कामा नये. ज्यांना क्रमाची पर्वा नाही त्यांनी मोड ० (पॅकेटे आळीपाळीने दोन्ही केबलींवर) लावून पाहावा: पॅकेटे मागेपुढे पोहोचतात, टीसीपी ती हरवली असे समजून पुन्हा पाठवू लागते, आणि त्यासाठीसुद्धा स्विचवर ग्रुप बांधावाच लागतो.

एका पॅकेजिंगच्या कारखान्यात हेच आश्वासन मी स्वतः देऊन बसलो होतो. डिझाइनचे ६० जीबीचे फोल्डर आधी नऊ मिनिटांत कॉपी होत असे. बाँड झाल्यावर मालक मोबाइलवर वेळ लावून माझ्या खांद्यामागे उभे राहिले आणि नऊ मिनिटांनी एवढेच म्हणाले, "दुसरी केबल परत न्या आणि तिचे पैसे बिलातून कमी करा."

नवलखावासी:
आपल्या मालकांनी आपला अपमान केला, त्याचा राग माझ्यावर कशासाठी? सर्व्हर काही एकट्या माणसाच्या कॉपीसाठी नसतो. आमच्या कार्यालयात चाळीस जण एकाच वेळी फाइली उघडतात, आणि हॅश लेयर ३+४ वर (आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांकावर) ठेवला तर ती चाळीस कनेक्शने दोन्ही केबलींवर वाटली जातात. बसवले त्या दिवशी मी ते मोजून पाहिले आहे. स्विचला हात न लावण्याचे म्हणाल, तर ते मोड ६ विषयी होते, त्यात वाटणी सर्व्हरच करतो. मोडचा आकडा लिहायचा राहून गेला, हा माझा अपराध आपण उदार मनाने पोटात घालावा.

सांवेर रोडकर:
आकडा राहिला की अर्थच राहिला, हे वाचकांनी ठरवावे. चाळीस जणांचे मान्य आहे, पण अर्धेच. लिनक्समध्ये मुळात लेयर २ चा (मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्याचा) हॅश असतो. तो न बदलता सगळे ग्राहक संगणक राउटरच्या पलीकडे बसवले, तर सर्व्हरला एकच मॅक दिसतो आणि चाळीसही जण एकाच केबलीने जातात. शिवाय सर्व्हरकडे येणारी पॅकेटे स्विच स्वतःच्या हॅशने वाटतो. तेथे आपले काही चालत नाही. एकच कॉपी वेगाने हवी असेल तर बाँड न करता एसएमबी मल्टिचॅनेल (एकच फाइल अनेक कनेक्शनांवर वाटून पाठवण्याची सोय) वापरावे. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ते उपलब्ध आहे.

निशाचर:
दोघेही वेगावरून भांडत आहेत. आमच्या पॅथॉलॉजीच्या सर्व्हरला दोन केबल होत्या, दोन्ही एकाच स्विचमध्ये, आणि स्विचचा अडॅप्टर दोन रुपयांच्या नाण्याएवढा काळा पडून जळाला. रात्री दीड वाजता इंदूरच्या सराफ्यातून, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातून, हातातले भुट्ट्याचे कीस तसेच टाकून, मी स्कूटरवर निघालो. तेव्हापासून मोड १ (एक केबल चालू, दुसरी राखीव), दोन वेगळे स्विच आणि दोन वेगळे यूपीएस. दोन स्विचवर एलएसीपी करायचे तर स्टॅक किंवा एमलॅग (दोन स्विच मिळून एकच असल्यासारखे वागणे) लागते, आणि ते स्विच घेण्याइतके पैसे आमच्या डॉक्टरांकडे आहेत, मन नाही. एमआयआयमॉन (केबल किती वेळाने तपासायची ते) १०० मिलिसेकंदांवर ठेवा. पण ते फक्त केबलमध्ये जीव आहे की नाही एवढेच सांगते. स्विच गोठला आणि दिवा जळत राहिला, तर एआरपी तपासणीखेरीज (पलीकडच्या यंत्राला हाक मारून उत्तर येते का ते पाहणे) काही कळत नाही.

सियागंजचा मुनीम:
मोड कोणताही लावा, केबल खोटी असेल तर सगळे व्यर्थ आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल कॅट ६ श्रेणीची म्हणून सर्रास विकली जाते, वास्तविक श्रेणीचे मानक तिला मान्यताच देत नाही. तार ब्लेडने खरवडून पाहा, आत पांढरी निघेल. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि दोनदा वाकवले की तार तुटते.

नवलखावासी:
येथे बाँडिंगची चर्चा चालली आहे. आपण वायरमन आहात का?

सियागंजचा मुनीम:
होय, वायरमनच आहे, आणि आपण सोडून दिलेली कामे निस्तरण्यातच माझी वीस वर्षे गेली आहेत. चार जोड्यांपैकी एक तार तुटली की गिगाबिट गेले, पोर्ट अनेकदा १०० मेगाबिटवर उतरते आणि दिवा मात्र जळतच राहतो. मोड ४ मध्ये वेगवेगळ्या वेगांचे पोर्ट एका गटात येतच नाहीत. उतरलेले पोर्ट बाजूला बसून राहते. लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधील बाँड० ची फाइल उघडा, बाँडची स्थिती तीत दिसते. दोन्ही पोर्टांचा अॅग्रिगेटर आयडी (गटाचा क्रमांक) वेगळा दिसला, तर आपले चाळीस जण एकाच केबलीवर आहेत असे समजा.

निशाचर:
मुनीमजी, केबल विकत घेताना ती ओळखायची कशी? दुकानदार खरवडू देत नाही.

सियागंजचा मुनीम:
पेटी उचलून पाहा. तांब्याची ३०५ मीटरची पेटी हाताला जड लागते, ही फुलासारखी उचलली जाते. आणि भाव अर्धा सांगितला तर हसून बाहेर पडा. एका शाळेत भिंतीतून ओढलेली सगळी केबल मी पुन्हा काढली आहे. मुख्याध्यापकांनी नव्या केबलचे पैसे दिले, मजुरीचे अद्याप दिलेले नाहीत.

सांवेर रोडकर:
हा धागा केबलीचा होऊन बसला. तरीही नवलखावासी यांनी ती फाइल उघडली का, हे जाणून घेण्यास मी उत्सुक आहे.

नवलखावासी:
उघडली. एका पोर्टापुढे १००० आहे, दुसऱ्यापुढे १००, आणि आयडी एक व दोन. केव्हापासून, ते सांगता येणार नाही. बसवल्यानंतर पाहिलेच नव्हते. मुनीमजींना वायरमन म्हणालो, तो शब्द मागे घेण्याचे कारण नाही, कारण त्यांनीच तो मान्य केला आहे. त्यांनी उद्या दुपारी चारनंतर ब्लेड घेऊन यावे, ही विनंती. बाकी चाळीस जणांचा मुद्दा मी सोडलेला नाही. केबल बदलली की पुन्हा मोजून येथेच आकडे देईन.