बाबा ७६ चे, कॅन्सरचं ऑपरेशन, फ्रेल्टी तपासणी कशाला?

प्रश्न: बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, सर्जन म्हणतात ऑपरेशन करू पण आधी फ्रेल्टी बघू. बीपी शुगर तर नॉर्मल आहे. वजन मात्र बरंच उतरलं, आधी रोज फुटाळा तलावावर फिरायचे आता जिना चढूनच थकतात. वय बघून नाही म्हणतील का जी?

उत्तर १: भाऊ नुसत्या वयावर नाही ठरत. फ्रेल्टी म्हणजे शरीराची राखीव ताकद कमी होणं, ७० चा माणूस फ्रेल असू शकतो अन् ८५ चा नसू शकतो. २००१ मध्ये डॉ. लिंडा फ्राइड यांनी मांडलेल्या निकषात पाच गोष्टी आहेत, आपोआप उतरलेलं वजन, थकवा, हाताची ढिली पकड, चालायचा मंद वेग अन् कमी हालचाल, तीन जुळल्या की फ्रेल. दोन तर तुम्हीच सांगितल्या. अशा पेशंटला ऑपरेशननंतर कॉम्प्लिकेशन जास्त होतात, मुक्काम लांबतो, म्हणून आधीच कळलेलं बरं, तयारी करता येते.

उत्तर २: आमच्या आईला ऑपरेशननंतर रात्री भ्रम व्हायचा, आम्हालाच ओळखेना, खूप घाबरलो होतो. याला डिलिरियम म्हणतात. चष्मा, कानाचं मशीन सोबत न्या, घरचं माणूस जवळ ठेवा अन् चालू गोळ्या सगळ्या दाखवा, झोपेच्या तर नक्कीच.

उत्तर ३: तारखेपर्यंत प्रोटीन, फिजिओ, थोडं चालणं डॉक्टरांना विचारून सुरू करा, ऊन चढायच्या आधी. पण त्यासाठी स्वतःहून तारीख पुढे ढकलू नका. सर्जनला हेही विचारा, घरी आल्यावर बाबा स्वतः उठून बाथरूमला जातील का?