मदत हवी आहे: ‘क्ष-किरण विभाग’ पाटीखाली उभं राहून लोक फोटूची खोली विचारतात

मंडळी, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेकडच्या भागात पेंटरकाम करतो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॉलीवरची नावं, बावीस वर्षं हेच केलं. फ्लेक्स आल्यापासून हाताने अक्षर काढायचं काम फार कमी झालं. आता आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सगळ्या पाट्या नव्याने करायचं काम रुग्ण कल्याण समितीकडून मिळालं आहे. नुसतं अक्षर देखणं काढून हे काम होणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं.

त्या दिवशी शिडीवर चढून ‘क्ष-किरण विभाग’ या पाटीचं माप घेत होतो. खाली एक बाबाजी आले. हातात पन्नीत गुंडाळलेला केस पेपर. म्हणाले, ‘बापू, फोटू काढाची खोली कोठी हाय गा?’ म्हटलं, ‘हेच हाय ना बाबाजी.’ त्यांनी पाटी बोट फिरवत वाचली आणि म्हणाले, ‘इथं तं दुसरंच लिवलं हाय.’ बाबाजींना वाचता येत होतं. शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता.

मग दोन दिवस नुसता बसून पाहत राहिलो. ‘बाह्यरुग्ण विभाग’ कोणी विचारत नाही, ‘चिठ्ठी कोठी काढतेत’ विचारतात. ‘प्रयोगशाळा’ नाही, ‘रक्त तपासाची खोली’. ‘औषध वितरण कक्ष’ नाही, ‘गोळ्या देतेत तिथं’. शिवाय निम्म्या पाट्या दाराच्या फळीवर ठोकलेल्या आहेत. ओपीडीच्या वेळात दार उघडं असतं, म्हणजे पाटी भिंतीकडे तोंड करून. गर्दी असते तेव्हाच ती दिसत नाही. ज्या भिंतीला चिकटून आहेत त्या बोळीतून चालत येणाऱ्याला समोर गेल्याशिवाय दिसत नाहीत.

सगळ्यात अडचण ज्यांना वाचताच येत नाही त्यांची. आमच्याकडे पोडावरचे कोलाम, गोंड, तांड्यावरचे बंजारा लोक येतात, काहींची मराठीच मोडकी असते. म्हणून चित्रं काढून पाहिली. एक्स-रेसाठी हाताच्या हाडांचं चित्र केलं आणि पाड्यावरच्या बायांना दाखवलं. सगळ्या म्हणाल्या, ‘हात मोडला का जाचं तिथं.’ म्हणजे छातीचा फोटू काढायला आलेला माणूस ती खोली ओलांडून पुढे जाणार. रक्त तपासणीला सुई काढली तर ‘इंजेक्शन देतेत’.

माझे प्रश्न असे:
सरकारी शब्द ठेवायचा की लोकांचा? अधिकारी म्हणतात नियमाने शब्द ठेवावाच लागेल.
फरशीवर रंगीत पट्टे ओढले तर लोक मागोमाग जातील का? फरशी रोज फिनाइलने पुसतात, कोणता रंग टिकेल?
आणि जुन्या दर्शनी पाटीवर लाल क्रॉस आहे, तोच परत रंगवू का?

प्रतिसाद

भाऊ, दोन दिवस बसून पाहिलंत, यातच अर्धं काम झालं आहे. मी नागपुरात पाट्यांच्या आखणीचंच काम करते.

आधी लाल क्रॉस. तो काढूनच टाका. ते रेड क्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, जिनिव्हा करार कायदा, १९६० प्रमाणे परवानगीशिवाय कोणी वापरू शकत नाही, दवाखानासुद्धा नाही. पांढऱ्या क्रॉसला हिरवी पार्श्वभूमी घ्या.

शब्द दोन्ही ठेवा, पण मोठा लोकांचा. वर ठळक ‘एक्स-रे (फोटो)’, खाली लहान ‘क्ष-किरण विभाग’. अक्षराचा साधारण हिशेब असा धरतात की ७ ते ८ मीटरवरून वाचायला २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर लागतं. तुमच्याकडे म्हातारी माणसं जास्त, दुप्पट घ्या. उंची शिरोरेषेपासून खाली मोजा, वेलांटी-उकाराची जागा त्यात धरू नका. अक्षर दाबून अरुंद केलं की ‘ध-घ’ आणि ‘भ-म’ लांबून सारखेच दिसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

चित्राने खोलीत काय होतं हे सांगायचा आग्रह सोडून द्या. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ ला सुरू झाली, तेव्हा अनेकांना वाचता येत नसल्याने प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र दिलं. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत चिन्हं याच कारणाने आली. बैलजोडीचा अर्थ मतदाराला लावायचा नव्हता, ओळखायची होती. तसंच खोलीला चिन्ह द्या: एक्स-रेला मोर, रक्ताला मासा, औषधाला झाड. चिठ्ठी काढतानाच खिडकीवर त्या चिन्हाचा शिक्का केस पेपरवर मारायचा. मग ‘मोराच्या खोलीत जा’ असं सिस्टरही सांगू शकते, कोलामी बोलणाऱ्या मावशीही ओळखू शकतात.

फरशीवर पट्टा नको. तिथे माणसं पिशव्या घेऊन बसतात, पट्टा झाकला जातो आणि फिनाइलने उडतो. भिंतीवर कमरेच्या उंचीला ऑइल पेंटचा पट्टा ओढा. लाल-हिरवा जोडीने वापरू नका, काहींना ते वेगळे दिसत नाहीत. निळा आणि पिवळा घ्या. पाट्या दारावरून उतरवून चौकटीच्या बाजूला काटकोनात, बोळीत बाहेर येतील अशा लावा.

आणि आधी रंगवू नका. कागदावर काढून चिकटवा, आणि पाच नवख्या माणसांच्या मागे काही न बोलता चाला. जिथे थबकतील तिथे पाटी कमी आहे.

धागाकर्ता

ताई, खूप आभार. मोराची गोष्ट सिस्टरला सांगितली, त्या लगेच म्हणाल्या शिक्के मीच करून आणते. क्रॉसचं मला माहीतच नव्हतं, आजवर चार दवाखान्यांवर मी तो काढला आहे. ते चारही जाऊन बदलून देईन.

एकच विचारायचं राहिलं. एक्स-रेच्या बाजूची भिंत पावसाळ्यात ओल धरते, कमरेपर्यंत पापुद्रे सुटतात. तिथे खरवडून प्राइमर मारला तर पट्टा टिकेल, की तेवढ्या भागात पत्रा ठोकून त्यावर रंगवू? मंगळवारी बाजार आहे, कागदाच्या पाट्या तेव्हाच लावून पाहतो.