नेदरलँड्समधील पगारी पीएचडी: करार एकाच वर्षाचा का?

प्रश्न
पुण्यात एम.एस्सी. पूर्ण केल्यावर नेदरलँड्समधील एका विद्यापीठाने मला चार वर्षांच्या पीएचडीसाठी निवडले आहे. पत्रात शिष्यवृत्तीचा उल्लेख नसून नोकरीचा करार आहे, आणि तोही पहिल्या वर्षापुरताच, त्यामुळे आईबाबा काळजीत आहेत. असे नेहमीच असते का?

प्रतिसाद १
मनापासून अभिनंदन. तिथे पीएचडी करणारे बहुतेक जण विद्यापीठाचे कर्मचारीच असतात. त्यामुळे शुल्क भरावे लागत नाही, उलट पगाराखेरीज ८ टक्के सुट्टीभत्ता आणि वर्षअखेरीस ८.३ टक्के बोनस मिळतो. पहिल्या वर्षाचे मूल्यमापन समाधानकारक झाले की करार उरलेल्या काळासाठी वाढवला जातो. मात्र त्याचे निकष कोणते, हे मार्गदर्शकांना सही करण्यापूर्वीच विचारून घ्या. यात संकोच अजिबात करू नका.

प्रतिसाद २
व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करते, पण जन्मदाखल्याकडे आजच लक्ष द्या, कारण तिथल्या नगरपालिकेत नोंदणी करताना तो अपोस्टिल केलेला (म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी प्रमाणपत्र जोडलेला) लागतो. माझी जन्मनोंद बारशाआधीच झाल्याने दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. नाव चढवून घेणे, मंत्रालयातून प्रमाणित करून आणणे आणि मग अपोस्टिल, यात माझे दोन महिने गेले.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. दाखला काढून पाहिला. माझे नाव आहे, पण आईचे नाव पासपोर्टाशी जुळत नाही. उद्या सकाळीच क्षेत्रीय कार्यालयात जाते.