काळ्या गाडीवरच्या गोल बारीक रेघा घरी काढता येतात का?

बेसाकर
नमस्कार मंडळी. माझी काळी हॅचबॅक आहे, चार वर्षं जुनी. सावलीत उभी असली की एकदम मस्त दिसते, पण उन्हात काढली की बॉनेटवर न दारांवर गोल गोल बारीक रेघांचं जाळंच दिसते, रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली तर पाहवत नाही. नख फिरवून पाह्यलं, कुठंच अडकत नाही. सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा रोज सकाळी पुसून जातो, अधूनमधून मी बाहेरून वॉश करून घेतो.

एका वॉशिंग सेंटरवर विचारलं तर म्हणे रबिंग-पॉलिश मारून देतो, अर्ध्या तासात नवी होऊन जाते. दुसऱ्या ठिकाणी म्हणे डायरेक्ट सिरॅमिक कोटिंग मारून घ्या, खालचं सगळं झाकून जाते. मला घरीच करायचं आहे. खाली झाकलेलं पार्किंग आहे, तिथं प्लग आहे, दिवाळीच्या आधी दोन रविवार मोकळे आहेत. मशीन अजून घेतली नाही. हातानं होते का, की मशीनच पाहिजे? आणि पेंटचं वाटोळं तर नाही होणार ना? बाबांनी घेऊन दिलेली गाडी आहे, म्हणून विचारून राहिलो.

हिंगणा_बफर
भाऊ, नख अडकत नाही म्हणजे रेघा फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहेत, तर टेन्शन नको घेऊ. आधी एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे कोणी काहीही विकायला आलं तरी तुला कळेल. कंपनीतून येते ती गाडी, तिच्यावर प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट असे थर असतात, सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घे. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुझ्या रेघा त्याच्या अगदी वरच्या पातळीवर आहेत. पॉलिश करणं म्हणजे रेघ भरणं नाही, रेघेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट किंचित घासून सपाट करणं. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, पण गेले ते गेले, परत येत नाहीत. म्हणून दर दिवाळीला रबिंग मारून घेणाऱ्या गाड्यांचा रंग काही वर्षांत बॉनेटच्या कडेला उडालेला दिसते.

आता ते गोल काहून दिसते ते पाह्य. रेघा गोल नसतातच, आडव्यातिडव्या कशाही असतात. लाइटला आडव्या असलेल्या रेघाच फक्त चमकून डोळ्यात येतात, म्हणून लाइटभोवती गोल जाळं झाल्यासारखं वाटते. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धर न हळूहळू सरकव, जाळं टॉर्चसोबत सरकते. पांढऱ्या गाडीवरही एवढ्याच रेघा असतात, पण तिथं मागचा रंगच उजळ असल्यामुळे त्या उठून दिसत नाहीत. काळ्यावर काहीच लपत नाही.

पॉलिशच्या आधी कारण बंद कर. हे जाळं तुझ्या त्या रोजच्या पुसण्यानं पडलं आहे. मुलाचा दोष नाही, त्याला एक बादली न एक फडकं देऊन वीस गाड्या पुसायला लावतात, तिसऱ्या गाडीपर्यंत फडक्यात रेती भरलेली असते. आपल्या नागपुरात रस्त्यांची न बिल्डिंगांची कामं कधी संपतच नाहीत, सिमेंटची धूळ रोज बसते, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडच्या लोकांच्या गाडीवर वरून राखही असते. ही धूळ कोरडी पुसली की रेघ पडलीच समज. त्याला पैसे तेवढेच दे आणि सांग की बॉडीला हात लावू नको, फक्त काचा पूस, तेही तुझ्या फडक्यानं. हे करणार नसशील तर पॉलिश करूच नको, मनापासून सांगतो. दोन महिन्यात जाळं परत येते आणि क्लिअर कोट फुकट जाते.

सिरॅमिकनं रेघा झाकत नाहीत, आहे तसं जाळं काचेखाली ठेवल्यासारखं दिसत राहते. आणि अर्ध्या तासात नवी करून देणारे लोकरीचा पॅड लावून रोटरी, म्हणजे एकाच अक्षावर गरगर फिरणारी मशीन फिरवतात, पॉलिशमध्ये तेल न फिलर असते त्यानं रेघा भरून जातात, घरी येईपर्यंत गाडी आरसा. चार-पाच वॉशनंतर जुनं जाळं वर येते, आणि सोबत मशीनचे लाटांसारखे पट्टे, त्याला होलोग्राम म्हणतात, ते फ्रीमध्ये.

मनीषनगर_तेजू
हातानं होते का याचं उत्तर मी देते, कारण मी हातानंच केलं आहे, माझी गडद निळी आहे म्हणजे जवळपास काळीच. होते, पण पूर्ण गाडी करायच्या भानगडीत पडू नका. एका वेळी वीतभर लांब-रुंद तुकडा घ्यायचा, फोमचा हँड ॲप्लिकेटर, त्यावर वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके फिनिशिंग पॉलिशचे, आणि सरळ रेषेत घासायचं, आधी उभं मग आडवं. गोल गोल फिरवू नका, एखादी रेघ राहिली तर सरळ रेघ कमी डोळ्यात येते. हात भरून येतो, बॉनेट करतानाच खांदा बोलायला लागते. माझ्या जाळ्यातलं अर्ध्याच्या वर कमी झालं, पूर्ण नाही गेलं, तरी उन्हात खूप फरक पडला. दाराच्या हँडलच्या मागं जे वाटीसारखं असते तिथं नखांचे ओरखडे असतात ना, ते हातानंच करावे लागतात, मशीन तिथं जात नाही.

पूर्ण गाडी करायची असेल तर मशीनच.

बेसाकर
ताई, हिंगणा भाऊ, दोघांनाही धन्यवाद. पुसणाऱ्या मुलाशी आजच बोललो, तो उलट खूश झाला. आता मशीनचं सांगा. मित्राकडे चार इंची ग्राइंडर आहे, त्याला पॅड लावून चालून जाईल का? ड्रिलला लावायचाही पॅड मिळून राहिला ऑनलाइन.

हिंगणा_बफर
ग्राइंडर अजिबात नाही!! लिहून ठेव. चार इंची ग्राइंडर मिनिटाला १० ते ११ हजार फेरे मारते. पॉलिशची रोटरी ६०० ते २००० मध्ये चालवतात, तीही हात बसलेला माणूस. ग्राइंडरनं एका जागी दोन सेकंद थांबला की रंग जळून खाली प्रायमर. ड्रिल त्यामानानं हळू फिरते, पण तीही एकाच अक्षावर, आणि पॅड वाकडा लागते.

तुला पाहिजे ड्युअल ॲक्शन, डीए म्हणून माग. त्याचा पॅड फिरतेही आणि हेलकावाही खाते, जास्त दाबलं की फिरणं आपोआप थांबते, म्हणून नवीन माणसाच्या हातून पेंट जाळणं कठीण. ८ मिमी थ्रोची, म्हणजे तेवढ्या हेलकाव्याची असली तरी चालते, १५ ची असली तर काम लवकर होते. ५ इंची बॅकिंग प्लेट घे, पॅड तिच्यावर बसते. पॅड कमीत कमी चार-पाच पाहिजेत, लोक मशीन महाग घेतात न पॅड एकच घेतात, मग बॉनेट संपेपर्यंत तो भरून जाते न नंतर रेघा काढायच्या ऐवजी पाडत बसते.

आता क्रम. आधी नुसतं पाणी मारून धूळ उतरव, हात न लावता. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, दरवेळी साध्या पाण्यात खंगाळूनच शाम्पूत बुडव. वरून खाली ये, खालचा पट्टा सगळ्यात शेवटी. कपडे धुवायची पावडर नको. बेसाकडे बोअरचं पाणी असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नको, क्षाराचे पांढरे डाग बसतात, ते वेगळंच दुखणं. नळाचं पाणी मिळालं तर शेवटचं तरी त्यानं मार.

धुतल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घाल न बॉनेटवर बोटं फिरव. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवायचा, भरपूर शाम्पूचं पाणी मारून, हलक्या हातानं. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला की फेकून दे, धुवून परत वापरायचा नाही. खरखर नसेल तर क्ले करू नको, तोही थोड्या रेघा पाडतेच.

मग काळ्या रबरांना, प्लास्टिकला, लोगोला मास्किंग टेप लाव. बॉडीच्या धारेवर, बॉनेटच्या कडेवर पण लाव, तिथं पेंट मुळातच पातळ असते न पॅडचा सगळा जोर तिथंच येते.

पहिलं काम फक्त टेस्टचं. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन घे, सगळ्यात मऊ पॅड न सगळ्यात हलकं फिनिशिंग पॉलिश. पॅडवर चार-पाच ठिपके, मशीन बंद असतानाच पॅड टेकवून पसरवून घे नाहीतर भिंतीवर शिंतोडे. स्पीड चार-पाचवर, मशीनच्या वजनापेक्षा थोडासा जास्त दाब, हात अगदी हळू, सेकंदाला इंचभर. उभे मग आडवे, अर्धा पट्टा अर्ध्यावर चढवत, चार-सहा फेऱ्या. पुसून पाह्य. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीन-चार भाग पाणी, हे मारून परत पूस न मग टॉर्च लाव, कारण पॉलिशचं तेल रेघा लपवते, ते उतरवल्याशिवाय खरं दिसत नाही. समाधान झालं तर पूर्ण गाडी त्याच जोडीनं कर. नाही झालं तरच थोडा कडक पॅड, मग जमलं नाही तर कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. डायरेक्ट कंपाउंडवर जाऊ नको.

आणि सगळ्याच रेघा काढायच्या मागं लागू नको. ऐंशी टक्के गेल्या की थांब. राहिलेल्या थोड्या खोल असतात, त्यांच्यापायी चांगला क्लिअर कोट उडवण्यात अर्थ नाही. ही गाडी तुला अजून खूप वर्षं ठेवायची आहे ना.

धरमपेठ_काका
बाळा, आमच्या काळी केरोसीनचा बोळा फिरवत होतो न अॅम्बॅसॅडर चमकून जात होती. टूथपेस्टनंही बारीक ओरखडे जातात असं ऐकलं. एवढा खटाटोप कशापायी?

हिंगणा_बफर
काका, त्या गाड्यांवर क्लिअर कोट नव्हता, नुसता रंगाचा जाड थर होता, त्याला घासलं तरी खाली रंगच निघायचा. केरोसीननं वर तेलाचा पापुद्रा राहते, म्हणून चमकते, पण त्यावर नागपूरची धूळ दुपारपर्यंत चिकटून बसते न दुसऱ्या दिवशी पुसलं की त्याच धुळीनं रेघा. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी असतात, बऱ्याच पॉलिशचे कण घासताना मोडून बारीक होत जातात तसे ते होत नाहीत. काळ्या गाडीवर पांढुरकं धुरकट ठिगळ राहून जाते.

मनीषनगर_तेजू
अजून एक, ऊन. ऑक्टोबरचं ऊन कमी समजू नका, काळं बॉनेट अकरा वाजताच हात लावू देत नाही. पत्रा हाताला थंड लागला तरच पॉलिश करा, नाहीतर ते सुकून पावडर होते न पुसता पुसता नवीन रेघा. पार्किंग झाकलेलं असलं तरी गाडी बाहेरून आल्या आल्या सुरू करू नका, इंजिनच्या गरमीनं बॉनेट तापलेलं राहते. सकाळी सहा-सात वाजता बेस्ट.

बेसाकर
मंडळी, अपडेट. डीए मिळाली, आज सकाळी बॉनेट न दोन दारं झाली. टेस्टमध्येच हलक्या पॉलिशनं एवढा फरक पडला की मधोमध टेप लावून दोन भाग पाह्यले तर विश्वास बसेना, एका बाजूला ट्यूबलाइटची कड सुरीसारखी, दुसऱ्या बाजूला धुरकट. पण मागच्या डाव्या दारावर पॅड फिरवला तर पॅड काळा आला, चांगला काळा. बाकी कुठंच असं झालं नाही, तिथं पॅड पांढराच होता. हातच थांबला माझा. क्लिअर कोट गेला का?

हिंगणा_बफर
थांबला ते चांगलं केलं. आधी सांग, ते दार कधी रंगवलं होतं का?

बेसाकर
हो, दोन वर्षांपूर्वी बाइकवाला घासून गेला होता, एका गॅरेजमधून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं.

हिंगणा_बफर
मग तेच आहे. साधा काळा, मेटॅलिक नसलेला रंग असला की पुष्कळ गॅरेजवाले क्लिअर कोट न मारता चमक असलेला पीयू (पॉलियुरेथेन) काळाच डायरेक्ट मारून देतात. तिथं पॅडवर रंग येणारच, कारण वरचा थरच रंगाचा आहे. तू काही बिघडवलं नाहीस. त्या दारासाठी पॅड वेगळा ठेव, त्यावरचा काळा रंग दुसऱ्या दारावर नेऊ नको. सगळ्यात मऊ पॅड, दोन फेऱ्या, बस. जाडी मोजायचं मीटर कोणाकडे मिळालं तर पाहून घे, नाही मिळालं तर तिथं जेवढं निघालं तेवढ्यावर थांब. या दाराला ऊन जास्त लागते असं समजून पेंट जपणारं सीलंट किंवा वॅक्स दर तीन महिन्यांनी मारत जा, बाकी गाडीला सहा महिन्यांनी चालून जाते.

आणि दारांच्या मधल्या त्या काळ्या चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्या असतात ना खिडकीजवळ, त्या सगळ्यात शेवटी, हातानं, मशीन लावू नको. ते प्लास्टिक एवढं मऊ असते की कोरड्या मायक्रोफायबरनंही रेघ पडते.

बेसाकर
ठीक भाऊ, दार तसंच सोडतो. उद्या सकाळी छत न डिकी, मग सीलंट. पट्ट्यांना तेच फिनिशिंग पॉलिश चालेल का?

मनीषनगर_तेजू
चालते, मी तेच वापरलं. बोटाला मायक्रोफायबर गुंडाळा, एकच ठिपका, आणि काचेच्या रबराला टेप लावायला विसरू नका, रबरावर पॉलिश वाळलं की पांढरं पडते न मग जुन्या टूथब्रशनं काढत बसावं लागते.