बाल्तोरो: 1909 चा इटालियन नकाशा आणि आजची उपग्रहचित्रं जुळवताना फरक उणे-अधिक का येतो?

हिमरेषा
ड्यूक ऑफ अब्रुझ्झीच्या 1909 च्या मोहिमेतला काराकोरममधल्या बाल्तोरो हिमनदीचा नकाशा स्कॅन करून त्यावरच्या उंच्या आजच्या उंची-मॉडेलमधून वजा केल्या. हिमनदीचं मुख, म्हणजे खालचं टोक, जवळपास जागेवरच दिसतं. उंचीतला फरक मात्र विचित्र येतो. दरीच्या एका भिंतीवर भरपूर उणे, समोरच्या भिंतीवर भरपूर अधिक. यातून शंभर वर्षांत बर्फ किती घटला ते काढता येईल का? मोहिमेचा छायाचित्रकार सेला याचे फोटो जास्त उपयोगी पडतील का?

नकाशापंत
दोन भिंतींवर उलट चिन्ह आलं की पहिला संशय आडव्या सरकण्यावर घ्यायचा. मोहिमेचा मोजणीदार नेग्रोतो याची मोजणी त्या वेळच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या त्रिकोणन बिंदूंवर टेकलेली आहे, म्हणजे एव्हरेस्ट लंबगोल (पृथ्वीच्या आकाराचं तेव्हाचं गणिती रूप). डब्ल्यूजीएस-84 मध्ये, म्हणजे जीपीएसच्या आजच्या संदर्भात, नकाशा नीट न बदलता बसवला तर तिथे शंभरएक मीटर सरकतो. आता हिशेब करा. 40 अंश उताराच्या भिंतीवर 100 मीटर सरकणं म्हणजे उंचीत 84 मीटरची चूक. हिमनदीच्या पाठीवर उतार दीड-दोन अंशच असतो, तिथे तीच चूक अडीच ते साडेतीन मीटर. त्यामुळे आधी बर्फ नसलेल्या खडकाळ शिखरांवर आणि कड्यांवर नकाशा जुळवून घ्या, मग वजाबाकी.

उंचीचा संदर्भही तपासा. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जीपीएसची लंबगोलावरची उंची एकत्र झाली तर सगळ्या नकाशावर एकाच दिशेचा फरक पडतो.

हे सगळं करूनही 1909 ची उंची बर्फाची जाडी घटल्याचा पुरावा म्हणून वापरू नये असं माझं मत. फोटो घेऊन नकाशा करायची पद्धत अशी: दोन ज्ञात ठिकाणांहून फोटो, फोटोच्या काचेच्या प्लेटवरच्या अंतराला लेन्सच्या नाभीय अंतराने भागून दिशा, दोन दिशा छेदतात तिथे बिंदू. पाया, म्हणजे त्या दोन ठिकाणांमधलं अंतर, लहान आणि लक्ष्य दूर असलं की दृष्टिरेषेच्या दिशेतली चूक अंतराच्या वर्गाने वाढते. शिवाय कड्याआड लपलेला भाग प्लेटवर येतच नाही, तिथल्या समोच्च रेषा हाताने अंदाजाने ओढाव्या लागतात.

गिर्यारोहणाच्या पुस्तकांत ही मोहीम चोगोलिसावर गाठलेल्या सुमारे 7,500 मीटरसाठी गाजते. हिमनदीवाल्यांसाठी मात्र खरा ठेवा नेग्रोतोची मोजणी आणि सेलाच्या फोटोंच्या काचा.

खडकफोड्या
फोटोंबद्दल. जुनी जागा शोधताना लेन्स जुळवायच्या भानगडीत पडू नका. दृश्यातल्या वस्तूंची एकमेकांशी जुळणी कॅमेरा कुठे ठेवला यावर ठरते, नाभीय अंतरावर नाही. रुंद फोटो घेऊन नंतर कापता येतो.

जवळचा एक खडक आणि मागचं एक शिखर निवडा. आत्ताच्या दृश्यात खडक शिखराच्या मानाने जुन्या फोटोपेक्षा डावीकडे दिसला तर तुम्ही डावीकडे सरका. खडक खूप खाली दिसला तर तुम्ही खाली उतरा. अशा दोन-तीन जोड्या बसल्या की जागा पक्की. जवळचा खडक मूळ कातळाचा हवा. हिमोढावरचा (हिमनदीने वाहून आणलेल्या दगडगोट्यांच्या ढिगावरचा) धोंडा घेतलात तर सगळं फसतं, कारण तो स्वतःच हलतो.

मुखाची जागा स्थिर दिसते त्याचं एक मोठं कारण वरचा दगडगोट्यांचा थर. एक-दोन सेंटिमीटरचा पातळ थर ऊन शोषून वितळणं वाढवतो, काही सेंटिमीटरच्या पुढे तो बर्फाला झाकतो. बाल्तोरोच्या खालच्या टोकाकडे थर जाड आहे, त्यामुळे ती मागे न हटता जागच्या जागी पातळ होऊ शकते. म्हणून नंतरच्या इटालियन गटांनी नुसतं मुख न बघता बर्फात खुंट्या रोवून वितळणं मोजलं. खुंट्यांचं भोक वाफेच्या ड्रिलने पाडतात. काठी लाकडाची किंवा बांबूची बरी. ॲल्युमिनियम तापतं आणि भोक रुंद होतं. दगड बाजूला काढले तर त्याच क्रमाने परत ठेवायचे, नाहीतर वितळण्याचा वेग तुम्हीच बदलता. खुंटी जितकी उघडी पडली त्याला साधारण 0.9 ने गुणलं की वितळलेल्या पाण्याची उंची मिळते.

हिमरेषा
बाल्तोरोला मिळणाऱ्या लिलिगोसारख्या उपहिमनद्या मात्र स्थिर नाहीत ना?

खडकफोड्या
नाहीत. लिलिगो सर्ज करणारी आहे, म्हणजे वर्षानुवर्षं शांत, मग अचानक पुढे. तिचा इतिहास 20व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मागे नेता येतो तो याच मोहिमांच्या वर्णनांमुळे. टोकाचं उदाहरण स्टाक खोऱ्यातली कुतियाह हिमनदी: 1953 मध्ये सुमारे 3 महिन्यांत 12 किलोमीटर पुढे आली. दिवसाला सरासरी शंभर मीटरहून जास्त. त्याची नोंद आर्दितो देसिओने केली, म्हणजे 1954 च्या के-2 मोहिमेचा प्रमुख.

तेव्हा दोन फोटोंमधली एक रेष ओढून ‘शंभर वर्षांत इतकी घट’ असं लिहू नका. मधल्या काळात ती पुढे येऊन मागे गेलेली असू शकते. 1929 चे देसिओचे फोटोही मध्ये घाला.

नकाशापंत
आणि काराकोरममधल्याच रिमो हिमनदीचंही काम करायचं असेल तर 1913-14 ची दे फिलिप्पी मोहीम बघा. भूवैज्ञानिक दाइनेल्ली आणि भूगोलतज्ज्ञ मारिनेल्ली तिच्यातच होते. रिमोचं पाणी श्योक आणि यारकंद अशा दोन खोऱ्यांत जातं हे त्यांनी दाखवलं. त्या हिमनदीसाठी जलविभाजक जुन्या नकाशातून आंधळेपणाने उचलू नका. खोऱ्याची सीमा चुकली की क्षेत्रफळही चुकतं.