हरकती-सूचना म्हणजे लोकसहभाग नव्हे
शहराच्या नियोजनाबद्दल कुणीतरी लिहिलंय, ‘हरकती-सूचना मागवल्या की झाला लोकसहभाग.’ नाही पटलं. महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना कायद्यातही आराखड्यातल्या प्रस्तावांवर त्या मागवतात प्रारूप (म्हणजे कच्चा) विकास आराखडा तयार झाल्यावर. तोवर रेघा मारून झालेल्या असतात. आमच्या नवी मुंबईतल्या नेरुळच्या सेक्टरातला सायकल ट्रॅक बघा. दुचाक्या घुसू नयेत म्हणून खांब इतके जवळ रोवलेत की हँडलच अडकतं, उतरून सायकल तिरकी करून काढावी लागते. पुढे तर ट्रॅक थेट विजेच्या डीपीला जाऊन भिडतो! रविवारी पहाटे पाम बीच रस्त्याला हेल्मेट घालून सायकलवर निघणाऱ्यांचं (मीही त्यातलाच) ऐकतात तरी. सायकलवरच कामाला जाणारे दूधवाला, इस्त्रीवाला, वॉचमन यांना कोण विचारतं? हरकतींसाठीच्या दुपारच्या बैठकीला ते येणार कसे? त्यापेक्षा सकाळी स्टेशनबाहेर मोठा नकाशा लावा नि स्केचपेन ठेवा. कुठे अडतं ते तेच दाखवतील.